सर्फॅक्टिन जस्ताला धरतं कसं, वाहून नेतं कसं : प्रयोगशाळेतली पूर्ण कृती

रिठा पाण्यात घुसळला की फेस येतो, तसाच फेस बॅसिलस सबटिलिस हा जिवाणू वाढवलेल्या फ्लास्कमध्येही येतो. हा फेस सर्फॅक्टिनचा. १९६८ मध्ये जपानी संशोधकांनी हे द्रव्य वेगळं काढून दाखवलं. पाण्याचा पृष्ठताण ७२ वरून २७ मिलिन्यूटन प्रति मीटरपर्यंत खाली आणायला त्याची अगदी थोडी मात्रा पुरते. त्याच रेणूला धातूचे आयनही धरता येतात, आणि पाणी जिथून जाऊ शकत नाही अशा तेलकट थरातून ते पलीकडे नेताही येतात. हे दोन्ही गुण कॉलेजच्या प्रयोगशाळेत कसे मोजायचे, ते इथे पायरीपायरीने दिलं आहे.

या विषयातले बरेच प्रयोग एकाच ठिकाणी फसतात. जे काम पीएचने केलं, बफरने (पीएच स्थिर ठेवणाऱ्या द्रावणाने) केलं किंवा फिल्टरने केलं, ते सर्फॅक्टिनच्या नावावर जमा होतं. म्हणून खाली कृतीइतकीच जागा कंट्रोलना, म्हणजे एखादीच गोष्ट बदलून तुलनेसाठी ठेवलेल्या नळ्यांना, दिली आहे. वेळ कमी पडला तर एखादा नमुना गाळा, कंट्रोल मात्र गाळू नका.

पकड कशामुळे येते

सर्फॅक्टिनमध्ये सात अमिनो आम्लांचं कडं असतं आणि त्याला तेरा ते पंधरा कार्बनांची मेदाम्लाची शेपटी जोडलेली असते. कड्यातलं पहिलं अमिनो आम्ल ग्लुटामिक आणि पाचवं अॅस्पार्टिक. दोघांवर एकेक कार्बोक्सिल गट असतो. कडं सपाट नसतं, खोगिरासारखं वाकलेलं असतं. त्या वाकामुळे दोन्ही कार्बोक्सिल एकाच बाजूला जवळजवळ येतात आणि चिमट्यासारखं तोंड तयार होतं. कॅल्शियम, जस्त यांसारखा दोन धन प्रभारांचा आयन या तोंडात बसतो. दोन ऋण आणि दोन धन मिळून प्रभार शून्य होतो, बाहेर उरते ती तेलकट बाजू. म्हणूनच ही जोडी क्लोरोफॉर्मसारख्या द्रवात शिरू शकते. १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कामात सर्फॅक्टिन एक आणि दोन प्रभारांचे आयन सेंद्रिय थरातून पलीकडे नेतं, हे दाखवलं गेलं.

प्रभार शून्य होण्याची दुसरी बाजूही लक्षात ठेवायला हवी. धातू जास्त झाला की हीच जोडी पाण्यात न राहता गढूळ होऊन खाली बसते. त्यामुळे पकड मोजताना सर्फॅक्टिन नेहमी धातूपेक्षा जास्त ठेवायचं.

स्यूडोमोनास एरुजिनोसा या जिवाणूच्या ऱ्हॅम्नोलिपिड नावाच्या अशाच द्रव्यावर याहून जास्त काम झालेलं आहे. त्याच्यात कार्बोक्सिल एकच असतो, तरी तांबं, शिसं आणि कॅडमियम तो घट्ट धरतो. पकड किती घट्ट ते सांगणाऱ्या त्याच्या स्थिरांकांचे लॉग तांब्यासाठी ९.२७, शिशासाठी ८.५८, कॅडमियमसाठी ६.८९, जस्तासाठी ५.६२, कॅल्शियमसाठी ४.१० आणि मॅग्नेशियमसाठी २.६६ असे मोजले गेले आहेत. मात्र हा जिवाणू दुबळ्या प्रतिकारशक्तीच्या माणसाला संसर्ग करू शकतो. शिकण्यासाठी बॅसिलस सबटिलिस बरा.

धातू म्हणून जस्तच का

तांब्याचं द्रावण निळं दिसतं म्हणून अनेकांना ते सोयीचं वाटतं. पण ०.२५ मिलिमोलर तांबं पीएच ६ च्या आसपासच हायड्रॉक्साइड होऊन खाली बसू लागतं. पकड मोजताना सर्फॅक्टिनने धरलेला धातू फिल्टरवर राहतो आणि मोकळा खाली उतरतो. पीएच ७ ला प्रयोग केला तर हा साकाही फिल्टरवर अडकतो आणि सर्फॅक्टिनने सगळं तांबं धरलं असं वाटतं. तितकंच जस्त साधारण साडेसातपर्यंत विरघळलेलं राहतं. म्हणजे पीएच ७ ला सर्फॅक्टिनही विरघळलेलं आणि जस्तही. कॅडमियम याहून वरच्या पीएचपर्यंत टिकतं, पण ते विषारी आहे. शिकाऊ हातात ते देऊ नये.

सर्फॅक्टिन तयार करणं

पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या सूक्ष्मजीव संग्रहातून किंवा चंदीगडच्या संग्रहातून बॅसिलस सबटिलिसचं वाण मागवता येतं. मागवताना सर्फॅक्टिन देणारं वाण हवं, असं स्पष्ट लिहा. प्रयोगशाळेत वर्षानुवर्षं वाढवलेली काही प्रसिद्ध वाणं ते बनवायची क्षमताच गमावून बसलेली असतात.

एक लिटर माध्यमासाठी : ग्लुकोज ४० ग्रॅम, अमोनियम नायट्रेट ४ ग्रॅम, पोटॅशियम डायहायड्रोजन फॉस्फेट ४.१ ग्रॅम, निर्जल डायसोडियम हायड्रोजन फॉस्फेट ५.७ ग्रॅम, सात पाण्याचं मॅग्नेशियम सल्फेट ०.२ ग्रॅम. कॅल्शियम क्लोराइड ०.८ मिलिग्रॅम, सात पाण्याचं फेरस सल्फेट १.१ मिलिग्रॅम आणि डायसोडियम ईडीटीए १.५ मिलिग्रॅम लागतं. हे तिन्ही इतकं थोडं असतं की थेट तोलण्यात अर्थ नाही. हजारपट तीव्र द्रावण करून त्यातलं एक मिलिलिटर घालायचं. ग्लुकोज वेगळं निर्जंतुक करून थंड झाल्यावर मिसळायचं. क्षारांबरोबर ऑटोक्लेव्ह केलं तर माध्यम तपकिरी पडतं आणि तो रंग शेवटपर्यंत पाठ सोडत नाही.

लोह वाढवलं की उत्पादन वाढतं, हे १९८१ पासून माहीत आहे. तरी पकड मोजायची असेल तर लोह वाढवू नका. ते सर्फॅक्टिनला चिकटून येतं आणि आपल्या जस्ताची जागा आधीच अडवून बसतं. इथे जास्त मालापेक्षा स्वच्छ माल हवा.

पाचशे मिलिलिटरच्या फ्लास्कमध्ये शंभरच मिलिलिटर माध्यम घ्या. जास्त भरलं तर फेस कापसाच्या बोळ्यापर्यंत चढतो, बोळा भिजतो, हवा जाणं थांबतं आणि बाहेरचे जंतू आत येतात. रात्रभर वाढवलेलं बीज शंभरला दोन मिलिलिटर घाला. ३० ते ३७ अंश सेल्सिअस, शेकरवर मिनिटाला २०० फेरे, ४८ ते ७२ तास. पीएच दिवसातून दोनदा पाहा. जिवाणू अमोनियम वापरतो तसा पीएच घसरतो. तो पाचच्या खाली गेला तर सर्फॅक्टिन साक्यात बसतं आणि पेशींबरोबर फेकलं जातं. निर्जंतुक सोडियम हायड्रॉक्साइडने तो ६.५ ते ७ मध्ये ठेवा. फेस मारायला सिलिकॉन घालायचा मोह आवरा. सिलिकॉन अर्कात उतरतं आणि पृष्ठताणाचे आकडे बिघडवतं. फेस टाकूनही देऊ नका, सर्फॅक्टिनचा मोठा वाटा त्यातच असतो.

पेशी सेंट्रिफ्यूजमध्ये १०,००० जी वर (गुरुत्वाच्या दहा हजारपट ओढीने) वीस मिनिटं फिरवून काढून टाका. वरचं पाणी ढवळत ठेवून ६ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्ल थेंबाथेंबाने घाला. पीएच चारच्या खाली गेला की दह्याच्या पातळ कवडीसारखे पांढरे पुंजके दिसू लागतात. पीएच २ झाला की थांबा आणि रात्रभर चार अंशांवर ठेवा. दुसऱ्या दिवशी पुन्हा फिरवून गोळा घ्या आणि पीएच २ च्या पाण्याने दोनदा धुवा.

हे धुणं कंटाळवाणं वाटतं, पण माध्यमातलं फॉस्फेट याच पायरीला जातं. ते राहिलं तर पुढे जस्ताचा फॉस्फेट साका होतो आणि पकडीचा खोटा आकडा मिळतो. शेवटच्या धुण्याच्या पाण्याला मॉलिब्डेटची चाचणी लावा. निळा रंग येत असेल तर तिसऱ्यांदा धुवा.

गोळा वाळवून मिथेनॉलमध्ये ढवळा. प्रथिनं बरीचशी तळाशी राहतात. वरचं मिथेनॉल उडवलं की फिकट पिवळसर चिकट थर उरतो. फ्लास्कच्या पद्धतीत लिटरमागे काही शे मिलिग्रॅम मिळाले तरी इथल्या कामाला भरपूर होतात.

शुद्धता पाहायला उत्तम साधन एचपीएलसी, म्हणजे मिश्रणातले घटक स्तंभातून वेगळे करणारं यंत्र : सी-१८ स्तंभ, अॅसिटोनायट्राइलचं प्रमाण चढं, २०५ नॅनोमीटर. तीन-चार शिखरं आली तर घाबरू नका, शेपटीची लांबी वेगवेगळी असल्याने ती येतातच. एचपीएलसी नसेल तर किमान पृष्ठताण मोजा. लिटरला १०० मिलिग्रॅमच्या द्रावणाचा पृष्ठताण तिशीच्या खाली यायला हवा. पण यातून हे द्रव्य पृष्ठक्रिय आहे इतकंच कळतं, त्यातलं सर्फॅक्टिन किती ते कळत नाही. कच्च्या गोळ्यात त्याचा वाटा अर्धाच असू शकतो. ती टक्केवारी हाती नसेल तर पुढच्या सगळ्या मोलर आकड्यांना अर्थ नाही.

पकड मोजणं

भांडी १० टक्के नायट्रिक आम्लात रात्रभर बुडवून अतिशुद्ध पाण्याने तीनदा खळबळा. जस्ताचा भेसळदार स्वभाव इथे त्रास देतो. ते रबरी बुचात असतं (रबर घट्ट करताना झिंक ऑक्साइड वापरतात), पावडर लावलेल्या हातमोज्यांवर असतं, धुळीत असतं. रबरी बूच आणि पावडरचे हातमोजे या टेबलावर नकोत.

बफर २० मिलिमोलर मॉप्स, पीएच ७.०. फॉस्फेट चालणार नाही, कारण वर आलंच आहे. ट्रिस स्वतःच धातू धरतं, तेही नको. त्यात ०.१ मोलर सोडियम नायट्रेट घाला. मीठ न घातलेला एक कंट्रोल सोडला तर हे मीठ प्रत्येक नळीत हवंच. सर्फॅक्टिनचे कण म्हणजे मायसेल ऋण प्रभाराचे असतात आणि फिल्टरच्या एकाच बाजूला अडकलेले असतात. मीठ नसेल तर नुसत्या प्रभाराच्या ओढीनेही जस्त त्यांच्या बाजूला राहतं. त्याला चिमट्याची पकड म्हणता येत नाही.

सर्फॅक्टिनचं रेणुवजन १०३६ धरा. ०.५ मिलिमोलर म्हणजे लिटरला ५१८ मिलिग्रॅम शुद्ध सर्फॅक्टिन. ही मात्रा मायसेल तयार होण्याच्या मर्यादेच्या कितीतरी वर आहे, त्यामुळे ते १० किलोडाल्टनच्या (त्याहून जड कण अडवणाऱ्या) फिल्टरमधून जात नाही. सर्फॅक्टिन आधी थोड्या पाण्यात, सोडियम हायड्रॉक्साइडने पीएच ८ करून विरघळवा, मग बफरमध्ये न्या. जस्तासाठी सात पाण्याचं झिंक सल्फेट ०.२८८ ग्रॅम शंभर मिलिलिटरमध्ये घ्या. हे १० मिलिमोलर झालं. नळीत ते ०.२५ मिलिमोलर करायचं, म्हणजे लिटरला १६.३ मिलिग्रॅम जस्त.

पाच नळ्या, प्रत्येकीच्या तीन प्रती :

१. जस्त आणि बफर, सर्फॅक्टिन नाही.
२. सर्फॅक्टिन आणि बफर, जस्त नाही.
३. जस्त आणि सर्फॅक्टिन.
४. तिसरीसारखीच, पण २.५ मिलिमोलर कॅल्शियम नायट्रेटसह (इथे धातू मुद्दाम जास्त, कॅल्शियममुळे जस्ताची पकड किती ढासळते ते पाहायला).
५. तिसरीसारखीच, पण मीठ न घालता.

दोन तास हलक्या हाताने हलवत ठेवा आणि प्रत्येक नळीचा पीएच पुन्हा मोजा. जस्ताने कार्बोक्सिलवरचे प्रोटॉन हाकलले की पीएच उतरतो. ०.१ पेक्षा जास्त फरक असेल तर दुरुस्त करून आणखी अर्धा तास थांबा.

सेंट्रिफ्यूजमध्ये बसणाऱ्या फिल्टरच्या पडद्यात ग्लिसरीन असतं. आधी दोनदा पाण्याने फिरवून ते काढा. चार मिलिलिटर नमुना घाला आणि फक्त अर्धा मिलिलिटर खाली येईपर्यंतच फिरवा. तीन-चार हजार जी वर काही मिनिटं पुरतात. इथे घाई करून सगळंच गाळलं तर वर सर्फॅक्टिन घट्ट होत जातं, तोल सरकतो आणि आपण मोजतो ते भलतंच मिश्रण. खाली आलेल्या पाण्यात नायट्रिक आम्ल २ टक्के होईल इतकं घालून अॅटॉमिक अॅब्सॉर्प्शन या धातू मोजणाऱ्या यंत्रावर २१३.९ नॅनोमीटरला वाचा. या रेषेला जस्त फार संवेदनशील असतं, लिटरला एक मिलिग्रॅमच्या आत येईल इतकं पातळ करावं लागेल. यंत्र नसेल तर झिंकॉन रंगद्रव्य पीएच ९ ला, ६२० नॅनोमीटरवर चालतं, मात्र नमुन्यातलं आम्ल आधी बफरने पुरतं मारावं लागतं. एकूण जस्त मोजायला न गाळलेला नमुना तीव्र नायट्रिक आम्लात ९० अंशांवर पचवूनच घ्या. नुसतं आम्ल घातलं तर सर्फॅक्टिन साक्यात बसतं आणि यंत्राची नळी तुंबते.

आधी पहिली नळी पाहा. तिच्यातलं ९५ टक्के जस्त गाळलेल्या पाण्यात उतरलं नसेल तर बाकीचे आकडे वाचूच नका. साका झालाय, पडदा जस्त शोषतोय किंवा बफरमध्ये फॉस्फेट आहे, यांपैकी काहीतरी आहे. पाचवीत पकड तिसरीपेक्षा बरीच जास्त दिसली तर तो फरक प्रभाराच्या ओढीचा.

हिशोब असा. समजा, तिसऱ्या नळीच्या गाळलेल्या पाण्यात लिटरला ४.१ मिलिग्रॅम जस्त आलं. म्हणजे मोकळं जस्त ०.०६३ मिलिमोलर, धरलेलं ०.१८७, मोकळं सर्फॅक्टिन ०.३१३. एकास एक जोडी मानली तर ०.१८७ भागिले (०.०६३ गुणिले ०.३१३), आणि मिलिमोलरचं मोलर करायला गुणिले हजार : साधारण ९,५००, लॉग ४.० च्या आसपास. हा स्थिरांक पीएच ७ पुरता आणि या मिठापुरताच. एकास एक ही गोष्टही गृहीत आहे. ती पडताळायला जस्त ०.०५ पासून ०.४ मिलिमोलरपर्यंत सहा मात्रांत घेऊन आलेख काढावा लागतो. गढूळपणा दिसला तिथे आलेख थांबवायचा.

वाहतूक मोजणं

इथे इंग्रजी यू आकाराची काचेची नळी लागते, आतला व्यास दोन सेंटिमीटर. तळाशी २० मिलिलिटर क्लोरोफॉर्म, त्यात ०.५ मिलिमोलर सर्फॅक्टिन. डाव्या बाजूला १० मिलिलिटर पाणी : १ मिलिमोलर जस्त, २० मिलिमोलर मेस बफर, पीएच ६.०. उजव्या बाजूला १० मिलिलिटर, १० मिलिमोलर नायट्रिक आम्ल. सगळं काम फ्यूम हूडमध्ये, काचेची बुचं लावून. क्लोरोफॉर्म आणि पाणी आदल्या दिवशी एकमेकांत हलवून संपृक्त करून घ्या, नाहीतर प्रयोग चालू असताना पातळ्या सरकतात.

डाव्या काठावर, म्हणजे पाणी आणि क्लोरोफॉर्म भेटतात तिथे, सर्फॅक्टिन दोन प्रोटॉन सोडतं आणि जस्त उचलतं. जोडी क्लोरोफॉर्ममधून सरकत उजव्या काठाला पोचते. तिथल्या आम्लातले प्रोटॉन जस्ताला बाहेर ढकलतात आणि रिकामं सर्फॅक्टिन परत फिरतं. म्हणजे जस्त एका दिशेने जातं ते प्रोटॉन उलट दिशेने उतरतात त्या जोरावर. म्हणून दुसऱ्या एका नळीत उजवीकडेही पीएच ६ चाच बफर ठेवा. तिथे जस्त फारसं जमलं नाही तर प्रोटॉनची भूमिका सिद्ध होते. तिसऱ्या नळीत सर्फॅक्टिनविना नुसतं क्लोरोफॉर्म.

या तिसऱ्या नळीतही जस्त पलीकडे गेलं तर? बहुतेक वेळा दोष काचेचा असतो. काचेला पाणी आवडतं, क्लोरोफॉर्म नाही. भिंत आणि क्लोरोफॉर्म यांच्या फटीतून पाण्याचा केसाइतका पातळ पापुद्रा खाली उतरतो, वाकातून फिरतो आणि दुसऱ्या बाजूला चढतो. जस्त त्याच चोरवाटेने जातं. उपाय म्हणजे नळी आतून डायमिथाइलडायक्लोरोसिलेनने सिलेनाइझ करणं. मग काच पाणी धरत नाही. पडताळ्यासाठी डावीकडे थोडं टार्ट्राझिन, म्हणजे खाण्याचा पिवळा रंग घाला. उजवीकडे पिवळं दिसलं की गळती आहे. यासाठी मिथिलीन ब्लू मात्र वापरू नका. तो धन प्रभाराचा, सर्फॅक्टिन ऋण. दोघं जोडीने क्लोरोफॉर्ममध्ये उतरतात आणि नसलेली गळती दिसते.

ढवळणी मिनिटाला १०० ते १५० फेऱ्यांचीच ठेवा. काठावर दुधाळ साय दिसू लागली की इमल्शन व्हायला लागलं आहे. फेरे कमी करा. तेवढ्याने भागलं नाही तर डावीकडचा पीएच ५.५ वर आणा. पीएच ७ च्या वर हा प्रयोग करूच नये, सर्फॅक्टिन क्लोरोफॉर्म सोडून पाण्यात निघून जातं. शेवटी डाव्या पाण्याचा पृष्ठताण मोजला की किती निसटलं याचा अंदाज येतो.

उजवीकडून दर तासाला ०.२ मिलिलिटर काढा आणि तेवढंच आम्ल परत भरा. समजा, सहा तासांनी लिटरला ३.३ मिलिग्रॅम जस्त मिळालं. ते ०.०५ मिलिमोलर, दहा मिलिलिटरमध्ये ०.५ मायक्रोमोल. काठाचं क्षेत्रफळ ३.१४ चौरस सेंटिमीटर. म्हणजे वाहतुकीचा वेग ताशी चौरस सेंटिमीटरला ०.०२७ मायक्रोमोल. यातून नुसत्या क्लोरोफॉर्मच्या नळीचा वेग वजा करायचा.

मातीकडे जाताना

१९९९ च्या एका अभ्यासात ०.२५ टक्के सर्फॅक्टिन आणि १ टक्का सोडियम हायड्रॉक्साइडच्या पाच धुण्यांत दूषित मातीतलं ७० टक्के तांबं आणि २२ टक्के जस्त निघालं होतं. असा प्रयोग करताना नुसत्या सोडियम हायड्रॉक्साइडचं धुणं शेजारी हवंच, कारण तेही मातीतलं सेंद्रिय द्रव्य विरघळवतं आणि त्याबरोबर धातू निघतो. दख्खनच्या काळ्या मातीत अडचण आणखी वाढते. तिच्यात चुनखडीचे खडे असतात, चिकणमाती भरपूर असते. कॅल्शियम सर्फॅक्टिनला साक्यात बसवतं आणि चिकणमाती उरलेलं शोषून घेते. चौथ्या नळीत जस्ताची पकड किती ढासळली, हे पाहूनच मातीचा बेत ठरवा.

सर्फॅक्टिन परत मिळवणं

फिल्टरवर उरलेली द्रावणं एकत्र करून पीएच २ वर आणा. सर्फॅक्टिन खाली बसतं, जस्त वरच्या पाण्यात राहतं. गोळा आम्लाच्या पाण्याने दोनदा धुवून पीएच ८ ला पुन्हा विरघळवा. त्याहून वर नेऊ नका आणि तसंच दिवसेंदिवस ठेवूही नका. अल्कलीत कड्याचा एस्टर बंध तुटतो, कडं उघडतं आणि चिमट्याचा आकार जातो. प्रत्येक फेरीनंतर लिटरला १०० मिलिग्रॅमवर पृष्ठताण मोजा. तो चढू लागला की तो माल बाजूला काढायचा. जस्ताचं पाणी, क्लोरोफॉर्म आणि जिवाणूंचा गाळ यांच्या बाटल्या वेगळ्या. गाळ ऑटोक्लेव्ह केल्यावरच टाका, आणि क्लोरोफॉर्मच्या बाटलीत अॅसिटोन कधीही ओतू नका. अल्कलीचा अंश असेल तर ते मिश्रण उसळून बाटली फुटू शकते.